पेपर होईपर्यंत

जून लागला की नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या घरासमोर अनोळखी चपला दिसू लागतात. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, पण लोक मला ओळखतात ते प्रवेशाचं सांगणारे सर म्हणून. आईवडील पोराला किंवा पोरीला घेऊन येतात, पोर खाली मान घालून मोबाईलवर बोटं फिरवत बसतं आणि मी बोलतो. कॉलेज फी सांगतं ती एक आणि हॉस्टेल, मेस, येण्याजाण्याचं धरून पडते ती दुसरी, हे सांगतो. शिष्यवृत्ती उशिरा येते, तोवरची सोय आधी करून ठेवा म्हणतो. पहिल्या फेरीत मिळालेली सीट धरायची की पुढच्या फेरीची वाट बघायची, ब्रँच बघायची की कॉलेज, पहिल्या वर्षाला चांगली चांगली पोरं का घसरतात, सगळं सांगतो. चहा होतो. उठता उठता एखादी आई हमखास म्हणते, "सर, वर्षभर आम्ही टीव्ही नाही लावला. पाहुणा नाही येऊ दिला. घरातल्या कोणत्याच गोष्टीची याले झळ नाही लागू दिली." मी म्हणतो, "चांगलं केलंत." इतकी वर्षं मी हेच म्हणत आलो. आमच्या घरानंही हेच केलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नाही. बाबा होते तोवर सांगणं शक्य नव्हतं. आता लिहितो.

तेव्हा आम्ही नंदनवन वस्तीत राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणी आणि नळ, पुढे एक सायकल मावेल एवढा ओटा. बाबा महालातल्या एका छापखान्यात मशीन चालवायचे, त्यांच्या नखांतली शाई रविवारीसुद्धा जायची नाही. आई घरी साड्यांना फॉल लावायची, ब्लाऊज शिवायची. माझं लहानपण म्हणजे त्या शिलाई मशीनचा आवाज. सकाळी बाबा बाहेर पडले की तो सुरू व्हायचा आणि दुपारी जेवायच्या वेळी थांबायचा. शेजारच्या बाया हातभर कापड घेऊन यायच्या आणि तासभर गप्पा करून जायच्या. पाट्यावर मसाला वाटला जात असायचा, रेडिओ चालू असायचा, माझी ताई, सुनंदा, त्यावर आपलंच काहीतरी म्हणत असायची. संध्याकाळी आई बुद्धवंदना म्हणायची तीही मोठ्यानं, शेजारच्या घरातून कोणीतरी तिच्यात सूर मिसळायचं. आमच्या घरात शांतता नावाची चीजच नव्हती.

दसऱ्याला तर विचारायची सोय नाही. दीक्षाभूमीवर येणारे आमचे भंडाऱ्याकडचे सगळे नातेवाईक आमच्याच घरी उतरायचे. पुढच्या खोलीत सतरंज्या, ओट्यावर चादरी, मागे विटांची चूल करून त्यावर मोठ्या गंजात भात. मावशी सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची. ती आणि आई न्हाणीत एकमेकींची पाठ घासायच्या, केस धुऊन द्यायच्या, आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा. आईचं काही दुखतंय-खुपतंय हे मावशीला न सांगता कळायचं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. कारण मी बारावीत गेलो त्या वर्षी आईनं निरोप पाठवला की या खेपेला कोणी येऊ नका, बाबूची बारावी आहे. मामाला राग आला, तो एका ओळखीच्याकडे उतरला. मावशी आलीच नाही.

दहावीला मला चांगले मार्क पडले होते. आमच्या ओळीत कोणी इंजिनिअर झालं नव्हतं, आणि मी होणार हे माझ्याआधी गल्लीनं ठरवून टाकलं होतं. बाबा छापखान्यातून कोऱ्या कागदाची कातरणं आणायचे, गणितं सोडवायला. पुढची खोली माझी झाली. टेबल खिडकीजवळ आलं, रेडिओ कपड्यात गुंडाळून फळीवर गेला. मला रोज दूध आणि भिजवलेले बदाम, पोळीवर तूप, बाकीच्यांना वरणभात. ताई बी.ए. करत होती, तिचीही परीक्षा असायची, पण तिनं मागच्या खोलीत पोळ्या लाटता लाटता वाचायचं हे कोणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही. बाबा घरात चप्पल हातात धरून चालायचे. आई वंदना ओठातल्या ओठात म्हणू लागली.

आणि मशीन बंद झाली. एकदा शेजारच्या काकू ओट्याशी उभ्या राहून आईला म्हणाल्या, "काय वं, मशीन इकली काय?"

"नाही वं बाई. पोट्ट्याची बारावी हाय न."

"मंग पोट्टा बारावीत हाय का मशीन?"

आई हसली. मी टेबलापाशी बसून हसलो. त्या वेळी मला खरंच वाटलं होतं की मशीन माझ्यासाठी बंद आहे.

दिवाळीनंतरच्या थंडीत मला एक गोष्ट दिसू लागली. आई पाण्याची बादली डाव्या हातानं उचलायची. दुधाचा पेला टेबलावर ठेवायची तोही डाव्या हातानं, उजवा पदरात. पाट्यावरचं वाटण ताईकडे गेलं. तिचं वाटणं वेगळं होतं, तुटक, घाईचं, आवाजावरूनच कळायचं की हे आईचं नाही. भाजीत मसाला जाडा लागायचा. मी एकदा म्हटलं, "भाजीत काय ठेचा टाकला का?" तर बाबा म्हणाले, "खा गा चुपचाप," आणि ताई ताटावरून उठून गेली. माणसाला दिसणं आणि त्यानं बघणं यांत फरक असतो. मला दिसत होतं. मी बघत नव्हतो.

मग ती दुपार. बाबा नेहमीच्या वेळेआधी घरी आले, ताई आणि आई कुठूनतरी परतल्या होत्या, आणि तिघंही मागच्या खोलीत दार लोटून बसले. दार म्हणजे एक पातळ फळी. मी खिडकीत बसून उष्णतेचं गणित सोडवत होतो. मागच्या खोलीतून आधी कुजबुज आली, मग ताईचा आवाज चढला.

"बाई डॉक्टर काय म्हणाली, तू ऐकलं न? उद्याच मेडिकलच्या दवाखान्यात दाखवा म्हणाली. उद्याच. गाठ साधी नाही म्हणाली."

"हळू बोल. तो वाचून राहिला."

"वाचू दे! बाबा, तुम्ही तरी सांगा इले."

बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. आईचं ऐकू आलं, एकेक शब्द. "पेपर होईपर्यंत काढीन मी. मेडिकलले भरती झाले तर घरात कोण पाहीन? याले कोण पाहीन? त्याच्या कानावर गेलं तं त्याचं ध्यान उडते. वर्ष जाते त्याचं. पेपर झाला का जाईन. माझी शपथ हाय दोघायले, त्याले सांगायचं नाही."

मी काय करायला हवं होतं हे त्या क्षणीही मला ठाऊक होतं. चार पावलांवर दार होतं. उघडायचं आणि म्हणायचं, मी ऐकलं, उद्या चला. एवढं म्हटलं असतं तर त्यांच्याजवळ थांबायला कारणच उरलं नसतं. आई थांबणार होती ती मला कळू नये म्हणून. मला कळलंय हे कळलं असतं, तर ती गेली असती. मी बसून राहिलो. आणि थोड्या वेळानं मोठ्यानं वाचू लागलो. नियम, व्याख्या, काय समोर होतं ते. त्याआधी मी कधी मोठ्यानं वाचत नव्हतो. फळीपलीकडचे तिघेही गप्प झाले. त्यांना वाटलं, हा अभ्यासात गढलाय, याला काही ऐकू गेलं नाही. वाटावं म्हणूनच मी वाचत होतो.

त्या दिवसापासून तीच माझी सवय झाली. मागच्या खोलीत आई कण्हली की माझा आवाज चढायचा. बाबा कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायचे, पोट्टा काय घोकते, घर दणाणते. आज माझ्या वर्गात एखादा मुलगा धडा मोठ्यानं वाचू लागला की मी त्याला मनात वाचायला सांगतो. मुलांना वाटतं, सरांची तशी शिस्त आहे.

ताईला संशय आला असावा. फेब्रुवारी लागला होता, ऊन तापायला सुरुवात झाली होती. मी मागे नळावर तोंड धूत होतो आणि ती कपडे पिळत होती. आई झोपली होती. आई दुपारी झोपते ही गोष्टसुद्धा त्या वर्षीचीच.

"बाबू, एक विचारू का गा?"

"विचार न."

"तुले घरात काही वेगळं वाटून राहिलं का?"

मी टॉवेलनं तोंड पुसत राहिलो. गरजेपेक्षा जास्त वेळ. "वेगळं काय?"

"आईचं काही?"

"आईले काय झालं?" मी म्हटलं. आणि तिनं उत्तर द्यायच्या आत म्हटलं, "ताई, परवा माझा सराव पेपर आहे. आता डोक्यात दुसरं काही नको टाकू."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या पिळलेल्या चादरीतून पाणी तिच्याच पायावर पडत होतं. मग आतून आईचा आवाज आला, "काहून वं सुनंदे, त्याले काहून छेडून राहिली?" ताईनं चादर तारेवर टाकली. "वाच," म्हणाली. पुन्हा तिनं मला विचारलं नाही. ती शपथ मोडायला आली होती. मी मोडू दिली नाही.

परीक्षा आली. आई मला दारापर्यंत सोडायला यायची, हातावर दही ठेवायची. डाव्या हातानं. शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा बाबा ओट्यावर उभे होते आणि ताई घरात पिशवी भरत होती. मला वाटलं, आता जातील. रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, "निकाल लागू द्या. निकालाच्या टायमाले मी दवाखान्यात, अन् यानं घरी एकट्यानं निकाल पाहावा का?" हे ती मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, आणि मला ऐकू गेलं. निकाल चांगला लागला. मग म्हणाली, प्रवेश होऊ द्या. अशी एकेक पायरी ती पुढे ढकलत गेली आणि मी प्रत्येक पायरीवर गप्प राहिलो. पहिल्यांदा गप्प राहायला मला फार कष्ट पडले होते. नंतर काहीच पडले नाहीत.

आता आईवडील मला विचारतात, सर, ऑप्शन फॉर्म कधी भरायचा, मोबाईलवरून भरला तर चालतो का. तेव्हा असं घरबसल्या नव्हतं. एका सभागृहात सगळ्यांना बोलवायचे, गुणांच्या क्रमानं नंबर पुकारायचे, समोर फळ्यावर कुठल्या कॉलेजात काय शिल्लक आहे ते लिहिलेलं असायचं आणि बघता बघता खोडलं जायचं. टेबलाशी गेलं की अर्ध्या मिनिटात आयुष्य सांगायचं. बाबांना रजा मिळाली असती, पण आईनं हट्ट धरला, मीच जाते त्याच्यासंगं. नागपूरचा जून. ती पदर उजव्या खांद्यावरून घट्ट लपेटून बसली होती. पंख्याखालीसुद्धा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बाजूच्या बाईनं तिला संत्र्याची गोळी दिली तर आईनं ती माझ्या खिशात टाकली.

माझा नंबर पुकारला. टेबलामागचे गृहस्थ फळ्याकडे बोट करून म्हणाले, "नागपूरला मेकॅनिकल आहे. पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स आहे. दोन्ही फ्री सीट. लवकर बोला."

आई त्यांना म्हणाली, "साहेब, घरी राहून शिकलं तं चालते न? सारखंच असते न ते?"

ते हसले. "घरी राहून तर उलट स्वस्त पडते, बाई."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते त्या टेबलामागच्या अनोळखी माणसालाही कळलं असेल. मी नागपूर म्हटलं असतं तर रोज संध्याकाळी त्या घरात परत यावं लागलं असतं. दवाखाना, पट्ट्या, मागची खोली. कुठल्या आवाजात काय वाचलं असतं मी?

"पुणे," मी म्हटलं.

"मंग पुणे," आई म्हणाली, आणि फळ्यावरचं ते अक्षर खोडलं गेलं.

सगळ्यांना मी सांगितलं की पुण्याला स्कोप आहे. अजूनही पोरं माझ्यासमोर बसून हा शब्द उच्चारतात तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघतो. काहींना खरंच स्कोप हवा असतो. काही कशापासून तरी पळत असतात, आणि आपल्या पोराचं कुठलं ते आईबापांनी प्रवेशाआधी ओळखावं. फी परवडते की नाही हे त्यानंतर बघितलं तरी चालेल. हे मी आजवर एकाही पालकाला म्हणालो नाही.

मी पुण्याला गेलो आणि त्याच आठवड्यात आईला मेडिकलला भरती केलं. बाबांचा फोन हॉस्टेलच्या खाली यायचा. "आईचं लहानसं ऑपरेशन झालं. तू टेन्शन नको घेऊ. तू वाच." मी हो म्हणायचो. वाचता मात्र येईना. मनात वाचायला घेतलं की फळीमागची कुजबुज ऐकू यायची आणि मोठ्यानं वाचलं तर खोलीतली पोरं चिडायची. पहिल्या सत्रात माझे निम्मे विषय राहिले. हे मी घरी कळवलं नाही. आता तीही गोष्ट लपवण्यात मोडली.

हिवाळी सुटीत घरी आलो तेव्हा पुढच्या खोलीत टेबलाच्या जागी खाट होती. आई त्या खाटेवर एवढीशी झाली होती. केस गेले होते, डोक्याला ताईचा जुना स्कार्फ. बाबांनी मला ओट्यावर गाठलं आणि ते रडले. शाईची नखं डोळ्यांवर दाबून म्हणाले, "बाबू, तुझ्यापासून लपवलं आम्ही. मले माफ कर. तुले सांगितलं असतं तं तू तिले ओढत नेलं असतं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, "जाऊ द्या, बाबा." मी माझ्या बापाला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आई आणि मीच होतो. मी तिला चमच्यानं पेज देत होतो. तिनं तोंड बाजूला केलं.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

मी चमचा वाटीत ठेवला.

"तू मोठ्यानं वाचायले लागला न, तवाच मले समजलं. तुझ्या बापाले समजलं नाही, सुनंदीले समजलं नाही. मले समजलं." तिचा श्वास पुरत नव्हता, ती थांबत थांबत बोलत होती. "बरं केलं, तू बोलला नाही. बोलला असता तं मले जा लागलं असतं. तुयं वर्ष गेलं असतं."

"आई."

"कोणाले सांगजो नको. तुझ्या बाबाले वाईट वाटीन."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं मला शाबासकी दिली होती, दोघांनी मिळून एक अवघड काम पार पाडल्यासारखी. थंडी सरायच्या आत ती गेली. मी पुण्याला परत गेलो, पण वर्ष निघालं नाही, पुढचंही निघालं नाही, आणि शेवटी मी सामान बांधून नागपूरला आलो. इथं बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, नोकरीला लागलो. ज्या वर्षासाठी आई थांबली त्या वर्षाचं माझ्याजवळ काही शिल्लक राहिलं नाही.

बाबा पुढे खूप जगले. लग्नाकार्यात, विहारात, कुठंही विषय निघाला की सांगायचे, "पोराले आम्ही कळूच दिलं नाही. त्याची माय तशीच होती." अर्धा अभिमान, अर्धी सल. ताई ते ऐकून उठून जायची. तिनं बाबांना कधी माफ केलं नाही. पुरुष माणूस, घरचा कर्ता, त्यानं पोराला एक शब्द सांगितला असता तर आई वाचली असती, हे तिचं म्हणणं. एका घरात राहून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची, लग्नानंतर तेवढंही नाही. बाबा आजारी पडले तेव्हा ती यायची, औषध द्यायची, आणि न बोलता जायची. त्या दोघांच्या मधल्या त्या जागेत मी इतकी वर्षं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते न ऐकताच बाबा गेले.

यंदा ताईची मुलगी समीक्षा प्रवेशाला आहे. ऑप्शन फॉर्मसाठी दोघी माझ्याकडे आल्या. घरी मी एकटाच होतो. समू पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली, पोरगी हुशार आहे, तिला मी सांगण्यासारखं थोडंच होतं. पण बघतो तर तिनं एकामागून एक नुसती नागपूरची कॉलेजं टाकलेली.

"समू, तुझे मार्क पाहता पुण्याचंसुद्धा लागेल. मुंबईचं लागेल. टाक ना वर."

"नको, मामा. मले इथंच राहायचं."

"अगं, बाहेर पडल्याशिवाय..." मी सुरू झालो, जसा दरवर्षी होतो. तिनं ऐकून घेतलं आणि काही बदललं नाही.

ताई आत चहा ठेवत होती. मी कप काढायला गेलो. तिनं दुधाचं पातेलं डाव्या हातानं उचललं. उजवा हात अंगाशी धरलेला. माझ्या हातून कप पडला नाही, काही झालं नाही. मी फक्त विचारलं, "हाताला काय झालं?"

"काही नाही गा. काखेत दुखून राहिलं."

"गाठ आहे?"

ती गॅसकडे बघत राहिली.

"ताई, गाठ आहे का? दाखवलं?"

"दाखवीन न. आता फेऱ्या सुरू हाय. पोरीचा जीव त्याच्यात अडकला. तिचं एकदा कुठं लागू दे, मंग जाईन." मग आवाज एकदम खाली आणून, "तिले नको सांगू हं. माझी शपथ हाय तुले."

"तू आईशी भांडली होतीस. तू."

"तवा मी पोरगी होती," ताई म्हणाली. "आता माय हाय."

मी बाहेर आलो. चार पावलं होती. समूच्या खुर्चीमागे उभा राहिलो आणि म्हणालो, "समू, तुझ्या आईला काखेत गाठ आहे. ती तुझ्या प्रवेशासाठी डॉक्टरकडे जायची थांबली आहे."

आत काहीतरी आदळलं. ताई धावत दारात आली. "बाबू!"

समू वळली नाही. तिची बोटं तेवढी थांबली. "माहीत आहे, मामा," ती म्हणाली.

ताईचा चेहरा मी लिहू शकत नाही. "कधीपासून?" तिनं विचारलं.

"तू मले वेणी घालायले जवळ घेणं बंद केलं तेव्हापासून. हात वर जात नव्हता तुझा." पोरगी आता रडत होती, पण स्क्रीनकडेच बघून. "मी म्हटलं, इथलंच कॉलेज घेते. घरी राहून पाहते तुले. बोलली असती तं तू म्हणाली असती, काही नाही, तू वाच. तू आणखीन लपवलं असतं."

ताई दाराची चौकट धरून उभी होती. आणि मी, ज्यानं एवढी वर्षं योग्य वेळेची वाट पाहिली होती, त्या सर्वांत वाईट वेळी म्हणालो, "ताई, मलाही माहीत होतं. आईचं. पहिल्या दिवसापासून. मी ऐकलं होतं सगळं."

तिला आधी कळलंच नाही मी काय बोलतोय. मग कळलं. हळूहळू, एकेक गोष्ट जागच्या जागी बसताना मला दिसत होती. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, "अन् मी बाबाशी बोलली नाही तवा? ते माझ्या एका शब्दाले तरसत होते तवा? तवा तू कुठं होता?"

"तिथंच," मी म्हणालो.

समूनं लॅपटॉप मिटला, आईची पर्स उचलली, मी गाडीची किल्ली घेतली. फॉर्मची मुदत अजून होती. नसती तरी आम्ही निघालोच असतो. गाडीत मायलेकी मागे बसल्या. आरशात मला ताईचा खांदा तेवढा दिसत होता आणि त्याला धरलेला समूचा हात. ताई एकदाही माझ्याशी बोलली नाही. रस्ता चुकलो तेव्हासुद्धा तिनं समूलाच सांगितलं, "मामाले म्हण, डावीकडून."

दवाखान्यात गर्दी होती. आम्ही बाकावर बसलो, मी एका टोकाला. खूप वेळानं नर्सनं ताईचं नाव घेतलं आणि म्हणाली, "सोबत एकच जण चालेल." मी सवयीनं उठलो. घरातल्या मोठ्या माणसानं उठावं तसा.

"तू नाही," ताई माझ्याकडे न बघता म्हणाली. "समू, तू चाल."

ती पोरगी, जिचं हे वर्ष होतं, आईचा डावा हात धरून आत गेली. दार लागलं. मी बाकावर बसून राहिलो. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.